मला खाली बसता येत नाही

हे मी कोणासाठी लिहिते आहे ते आधी सांगते. ज्या घरात एखादी बाई जमिनीवरून उठताना भिंतीला हात लावते, तोंडातल्या तोंडात 'आई गं' म्हणते आणि घरातलं कोणी ताटातून मान वर करत नाही, त्या घरासाठी. आमचं घर तसंच होतं. वाईट माणसं नव्हती कोणी. बायकांचे गुडघे दुखतात, ही गोष्ट आमच्याकडे दिवस उगवतो आणि मावळतो तशी होती. त्यात विचारायचं काय, असं सगळ्यांना वाटायचं, आणि मलाही वाटायचं.

मी सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी चालवते. गोरेगाव आम्हाला जवळ. बाजार, दवाखाना, जीप, सगळं तिथूनच. सेविकेचं सगळं आयुष्य जमिनीवर जातं. लेकरांच्या गोलात बसायचं, खिचडी वाढायला वाकायचं, रडणाऱ्याला मांडीवर घ्यायचं, वजनाला उचलायचं, पुन्हा बसायचं. घरी आलं की शेतात खुरपणी, नाहीतर हळद. हळद काढली की गड्डे मोडत बायका दिवस दिवस उकिडव्या बसतात. संध्याकाळी उठताना एकमेकींना हात देतात आणि हसतात. मीही हसायची.

आमच्या भिंतीवर तक्ते होते. गरोदरपणाचा, लसीचा, हात कसे धुवायचे त्याचा. महिन्याला बायकांची बैठक घ्यायची आणि त्या तक्त्यांवर बोट ठेवून सांगायचं. बैठक संपली की निम्म्या बायका भिंतीला धरून उठायच्या. त्याचा तक्ता आमच्याकडे नव्हता. कोणी पाठवला नाही, आणि तो असायला हवा असं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

वात

आधी गुडघे वाजायला लागले. मी खाली बसले की कटकन आवाज व्हायचा आणि लेकरांना त्याची मोठी मजा. "बाई, अजून एकदा," म्हणायची. मीही त्यांना दोनदा वाजवून दाखवायची. मग सकाळी उठल्यावर पाय सरळ होईना. मग चढाला दुखायला लागलं, मग उताराला, मग नुसतं उभं राहिलं तरी.

आमच्याकडे याला एकच नाव, वात. आणि वाताला औषधं गावात जितकी माणसं तितकी. एरंडाची पानं बांधली. निरगुडीचा शेक घेतला. बाजारातल्या एका माणसाकडचं लाल तेल चोळलं, त्याच्या वासानं मांजर घर सोडून गेलं. कोणी म्हणालं वांगी सोड, कोणी म्हणालं हरभऱ्याची डाळ सोड. मी सोडत गेले. गुडघ्यांनी काही मला सोडलं नाही.

बिबा मात्र आत्यांनी घातला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. ऐंशीच्या पुढं वय, कमरेतून वाकलेल्या, चालण्यापेक्षा घरभर सरकणंच जास्त. एका दुपारी त्यांनी मला भिंतीशी पाय पसरून बसवलं, बिबा सुईला टोचला, दिव्यावर धरला आणि तेल सुटलं तसे गुडघ्याभोवती ठिपके देत गेल्या. हात जरा हलला नाही. किती तापवायचा, कुठं टेकवायचा, कुठं हाडाला लागेल, सगळं त्यांना बरोबर ठाऊक होतं. मी म्हटलं, आत्या, तुम्ही तर डॉक्टरच झाला असता. त्यांनी पुढचा ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी माझ्या गुडघ्यावर पाण्याचे फोड आले आणि मला दोन दुखणी झाली, आतलं एक आणि वरचं एक.

मग गोरेगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वजन कमी करा म्हणून सांगितलं. त्यांचं बरोबर होतं. चूक आम्ही केली. वजन कमी करायचं म्हणजे उपवास, एवढंच आम्हाला माहीत. सोमवार होताच, त्याला गुरुवार जोडला, मग शनिवार. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, वर दोन केळी. इतक्या भक्तीनं मी वजन कमी करायला बसले की दोन महिन्यांनी काटा बराच पुढं सरकला. डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून हसल्या, आणि मला तिथंच खुर्चीत रडू आलं. मी खरंच भुकेली राहिले होते हो, असं काहीतरी मी म्हणत होते.

निदान

हिंगोलीला लेकीनं नेलं. वैशाली, माझी एकुलती एक, हिंगोलीत एका शाळेत शिकवते. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. दोन हाडांच्या मध्ये गादीसारखं काहीतरी असतं, ते तुमचं झिजून गेलंय, हाडावर हाड घासतंय, असं सांगितलं. वात नाही. कोणाचं केलेलं नाही. वांग्यानं झालेलं नाही. वय आहे, वजन आहे, आणि इतक्या वर्षांचं उकिडवं बसणं आहे. फोटोत दिसणारं दुखणं मला आहे हे ऐकून, खोटं कशाला बोलू, आधी बरं वाटलं. म्हणजे मी नाटक करत नव्हते.

मग डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतं? मी तोंड उघडायच्या आत आमचे हे म्हणाले, "हेच, या हळदीपासून." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. वैशाली दहावीला होती तेव्हापासून मी पायऱ्या बाजूनं उतरत होते आणि ज्या माणसाबरोबर मी रोज जेवले, त्याला ते दिसलंच नव्हतं. मी डॉक्टरांना खरं सांगितलं. परतीच्या जीपमध्ये हे सारखे खिडकीबाहेर बघत होते. नरसीच्या फाट्याजवळ म्हणाले, "तू बोलली काहून न्हाई?" मी म्हटलं, तुम्ही कधी विचारलं? त्या दिवशी आमच्यात एवढंच बोलणं झालं.

व्यायाम झाले, गोळ्या झाल्या, पट्टे झाले. काही दिवस बरं जायचं. पण गुडघे आतल्या बाजूला वाकत चालले आणि शेवटी वैशाली मला नांदेडला घेऊन गेली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता दोन्ही बदलावे लागतील. चालता येईल, दुखणार नाही, असं ते म्हणाले. मग चष्मा काढून पुढचं बोलले. मांडी घालून बसायचं नाही. उकिडवं बसायचं नाही. खाली जमिनीवर बसायचंच नाही. खुर्ची, पलंग, कमोड. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, कायमचंच समजा.

मी घरी आले आणि ऑपरेशन करायचं नाही म्हणून सांगितलं. वैशाली चिडली, रडली, फोन ठेवून दिला. मी कारण सांगितलं नाही. कारण आत्या तिथंच बसल्या होत्या.

शब्द

आमच्या घराची एक रीत आहे. माणूस जायला लागलं की त्याला खाटेवरून खाली घेतात. खाटेवर जीव गेला तर तो अधांतरी अडकतो, ना वर ना खाली, असं आमच्याकडे पक्कं मानतात. खाली घेतलं की घरातलं कोणीतरी त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतं आणि तोंडात पाणी घालतं. याला मांडी देणं म्हणतात. दुसऱ्या घरांत हे लेकाचं काम. आमच्या घरात सासूला मांडी सूनही देते. आत्यांनी त्यांच्या सासूला दिली होती. मी तेव्हा नवी नवरी, दाराआडून बघत होते. आत्या अख्खी दुपार तशाच बसून राहिल्या. सगळं आटोपल्यावर त्यांना दोघींनी काखेत धरून उठवलं.

मग एका वर्षी अंगणात हळद मोडत बसलेलो असताना आत्या हातातला गड्डा न ठेवता म्हणाल्या, "तुह्या नवऱ्याचं काही खरं न्हाई. शेळीचं करडू मेलं तर दोन दिवस जेवत न्हाई तो. माह्या टायमाला बाहेर पळंन. मांडी तूच दे मला."

मी म्हटलं, देते. मीही हातातला गड्डा ठेवला नव्हता. इतक्या साध्या बोलण्यातून ते ठरलं, आणि पुन्हा कधी विषय निघाला नाही.

आत्या कडक होत्या. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी मला भाकरी नीट थापता येत नाही म्हणून दोनदा थापायला लावली. पण वैशालीच्या पाठीवर काही झालं नाही तेव्हा गाव बोलायला लागलं, आणि गावाच्या तोंडाला कुलूप लावलं ते याच बाईनं. स्वतः सोडून मला दुसरं कोणी बोललेलं त्यांनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी माझ्याकडे उभ्या जन्मात एकच गोष्ट मागितली होती. आणि त्या गोष्टीला खाली बसावं लागणार होतं.

म्हणून मी थांबले. आता हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण खरं तेच आहे. माझं ऑपरेशन आत्यांच्या मरणावर अडलं होतं. मला बरं व्हायचं तर त्यांनी जायला हवं होतं, आणि त्या जाऊ नयेत असंही मला मनापासून वाटत होतं. रोज त्यांना वरण-भाताचं ताट देताना हे दोन्ही माझ्या मनात असायचं. ज्या बाईला असं काही सोसावं लागलं नाही, ती सुखी.

आत्यांना वरवर ऑपरेशन पसंत नव्हतंच. गावात कोणीतरी सांगितलं होतं की गुडघ्यात लोखंड बसवतात. "लोखंड काहून घालून घेती अंगात?" त्या म्हणायच्या. "चितेत जळत न्हाई ते. राखंतून कोण येचंन?" हे ऐकून बाकीच्या बायका माना डोलवायच्या आणि मला बरं वाटायचं. मला न करायला एक कारण मिळायचं.

संडासाचं दार

लाजेची गोष्ट आहे, पण या आजारात ती प्रत्येक बाईला ठाऊक असते आणि कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. एका सकाळी हे शेतात गेलेले, घरात मी आणि आत्या. मी संडासात बसले आणि मला उठता येईना. हात टेकायला काही नव्हतं. नळाला धरलं तर नळ हलला. दोन्ही गुडघे कुलूप घातल्यासारखे झाले. बराच वेळ मी गप्प प्रयत्न करत राहिले, कारण हाक मारायची तर कोणाला?

शेवटी मारली. आत्या सरकत सरकत अंगणातून आल्या. दार ढकललं, माझ्याकडे बघितलं आणि आत हात घातला. मी धरून ओढलं तर त्याच माझ्याकडे आल्या. दोघी भिंतीला आदळलो. पुन्हा धरलं. तिसऱ्यांदा कसंबसं जमलं, मी उंबऱ्यावर येऊन पडले आणि आत्या तिथंच मातीत बसल्या. त्यांना दम लागला होता. आधी त्या हसल्या, मग मी हसले, मग मला जे रडू आलं ते थांबेना.

आत्या माझा पदर नीट करत म्हणाल्या, "पहिले गुडघे करून घे."

मी म्हटलं, आत्या, मग मला खाली बसता येणार नाही. तुम्हाला दिलेला शब्द...

"ठावं हाये मला," त्या म्हणाल्या. "डॉक्टर काय बोलला ते पोरीनं फोनवर सांगितलं मला, त्याच दिशी. माह्या मरणाचं मी पाहीन. तू जा."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी कशाची वाट बघत होते तेही. तरी त्या रोज माझ्या हातचं ताट घेत होत्या, मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरत होत्या. मी त्यांच्याकडे वर बघू शकले नाही.

नांदेड

ऑपरेशनची भीती मला वाटत होती त्यापेक्षा कमी वाटली. नंतरच्या दुखण्याची कोणी कल्पना दिली नव्हती. कंबरेखाली काही कळत नाही तोवर बरं असतं. मग कळायला लागतं. दुसऱ्या दिवशी व्यायामवाली मुलगी आली आणि हसून म्हणाली, मावशी, गुडघा वाकवा. वाकवायचं नाही म्हणून एवढं केलं, आणि आता ही वाकवा म्हणते. मी तिला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या हिंगोली जिल्ह्यात अजून कोणी ऐकल्या नसतील. पण तिचंच खरं होतं. जी बाई रडत रडत वाकवते तिचा गुडघा सुटतो. जी स्वतःची दया येऊन पडून राहते तिचा तसाच अकडतो. ऑपरेशन करणाऱ्यांनी हे एवढं जरूर लक्षात ठेवा.

सकाळी चहा, मग पट्टी, मग व्यायाम, मग भेटायला येणारे. भेटायला येणाऱ्यांचा धसका जास्त. गावाहून जो येई तो कोणाचं तरी ऑपरेशन कसं बिघडलं ते सांगे. शेजारच्या खाटेवर कळमनुरीच्या एक ताई होत्या, त्यांचा एकच गुडघा झाला होता. त्या माझ्या पाहुण्यांना सरळ सांगायच्या, "चांगलं बोलायचं असंल तर बसा, न्हाई तर केळी ठेवा अन् जा." त्या ताईंनी आणि वॉर्डातल्या मावशींनी मला तारलं. मावशी रोज सकाळी काही न बोलता माझी वेणी घालून जायच्या. एवढ्या वेदनेत कोणीतरी आपले केस विंचरतंय, याचं सुख मला सांगता येणार नाही.

घरी ह्यांनी चूल धरली. भाकऱ्या काय झाल्या असतील ते त्यांनाच माहीत. फोनवर आत्या विचारायच्या, वाकला का? मी म्हणायची, वाकला थोडा. "थोडा न्हाई, पुरा वाकव," म्हणायच्या आणि फोन ह्यांच्या हातात द्यायच्या.

खुर्ची

घरी आले आणि प्लॅस्टिकची खुर्ची माझी झाली. मी चालायला लागले, आधी वॉकर, मग काठी, मग नुसती. उन्हाळा सरता सरता मी गोरेगावच्या बाजारात हात मोकळे सोडून फिरले आणि मला कुठंच दुखलं नाही. कितीतरी वर्षांनी मला रस्त्यावरचे दगड सोडून माणसांची तोंडं दिसली. म्हणून मला कोणी विचारलं तर मी करून घे म्हणूनच सांगते, आणि वेळेत करून घे म्हणते.

पण खुर्ची ही काय चीज आहे ते मला आधी ठाऊक नव्हतं. अंगणवाडीत लेकरं खाली, मी वर. आधी मी त्यांच्यातली एक होते, आता मी बाई झाले. रडणारं लेकरू माझ्याकडे यायचं, पायाशी उभं राहायचं, आणि मांडी जमिनीवर नाही हे बघून मदतनीस गयाबाईकडे जायचं. पंगतीत मला वेगळं टेबल. हळदी-कुंकवाला सगळ्या सतरंजीवर आणि मी भिंतीशी, शाळेत शिक्षा केल्यासारखी. बायका बोलायच्याही. सासू खाली अन् सून खुर्चीवर, काय दिवस आले. आत्या खरंच खाली असायच्या. माझ्या पायाशी बसून लसूण सोलायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एक दिवस आत्या ह्यांना म्हणाल्या, मला खाट आण. आम्ही बघतच राहिलो. या बाईनं जन्मभर गोधडीवर जमिनीला पाठ टेकली. खाटेवर झोपतात ते आळशी, असं म्हणणारी बाई. "आता खाली झोपवत न्हाई मला," त्या म्हणाल्या. ह्यांनी गोरेगावहून लोखंडी खाट आणली. आत्यांनी तिची उंची मला बसून बघायला लावली. बस, म्हणाल्या. पाय टेकतेत का बराबर? मी बसले. टेकले. त्यांनी मान हलवली. वय झालं, दुसरं काय, असं आम्ही आपसात म्हणालो. आमच्या घरात बाईच्या सगळ्या गोष्टींचं कारण वयच असायचं.

आत्या

पावसाळा संपत आला तेव्हा त्यांनी जेवण कमी केलं. मग नुसतं दूध. डॉक्टर येऊन गेले, आता घरीच ठेवा म्हणाले. वैशाली आली. एका दुपारी श्वास बदलला आणि घरात माणसं जमली. ह्यांचे चुलत काका आले, गावातलं असं सगळं त्यांच्याच सांगण्यानं होतं. त्यांनी नाडी धरली आणि म्हणाले, घ्या आता खाली.

बायकांनी पटापट खाट बाजूला घेऊन फरशीवर जागा केली, घोंगडी अंथरली, तुळशीचं पान आणलं. हे दारापर्यंत आले आणि बाहेर निघून गेले. आत्यांनी सांगितलं होतं तसंच. माझी चुलत जाऊ शांताबाई घोंगडीवर जाऊन मांडी घालून बसली. तिचा काही दोष नव्हता. कोणीतरी बसायलाच हवं होतं. मी भिंतीशी उभी होते. इतकं चांगलं चालता येत होतं मला, आणि त्या घोंगडीपर्यंतचं हातभर अंतर मला उतरता येत नव्हतं. एक क्षण वाटलं, बसूनच टाकावं, होईल ते होईल. वैशालीनं माझा दंड घट्ट धरला होता.

दोघांनी चादरीला हात घातला तेव्हा आत्यांनी डोळे उघडले.

"थांबा," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता पण सगळ्यांना ऐकू गेला. "मला वरच राहू द्या. माही सून खाली बसत न्हाई."

काका खाटेजवळ वाकले. म्हणाले, "वहिनी, असं करू नका. खाटेवर जीव अटकते."

"अटकला तर अटकंन," आत्या म्हणाल्या. "तिच्यापशीच अटकंन न? खाट काहून आणली मंग म्या?"

शांताबाई आपण होऊन उठली. मी खाटेच्या कडेला बसले, पाय जमिनीला टेकले, बराबर टेकले, आणि वैशालीनं आत्यांचं डोकं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. किती हलकं होतं ते. मी चमच्यानं पाणी घातलं. थोडं आत गेलं, थोडं ओघळलं. मी पदरानं पुसलं.

त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. लुगड्यावरूनच त्या चाचपत होत्या, जिथं कापलेल्याची खूण आहे तिथं.

"दुखते का?"

"न्हाई, आत्या."

"कायच न्हाई?"

"कायच न्हाई."

त्यांनी हात तिथंच ठेवला. ऊन भिंतीवरून खाली आलं तोवर तो हात तिथंच होता, आणि मग काकांनी हळूच तो उचलून आत्यांच्या छातीवर ठेवला. तेव्हा मला कळलं. मी मोठ्यानं रडले. माझ्या आईच्या वेळीही मी इतकी रडले नव्हते.

गावात अजून बोलतात. खाटेवर गेली म्हातारी, अटकली. एकदोघी मला विचारतात, आत्या सपनात येतात का? मी म्हणते, आल्या तर बरंच होईल.

पण माझ्या डोळ्यापुढून जात नाही ती त्यांची शेवटची आंघोळ. अंगणात पाट मांडला, चारी बाजूंनी लुगडी धरली. मला खाली वाकता येत नव्हतं म्हणून माझी खुर्ची तिथं आणून ठेवली. मी तांब्यानं ऊन पाणी घालत होते आणि शांताबाई अंग धूत होती. तिनं लुगडं वर सरकवलं, आणि मी आत्यांचे गुडघे पहिल्यांदा बघितले. एवढी वर्षं एका घरात राहून पहिल्यांदा. दोन्ही वाकडे, सुजून घट्ट झालेले, माझे होते त्याहून वाईट. आणि त्यांच्यावर बिब्याचे काळे डाग. जुने, त्यावर नवे, त्यावर आणखी नवे. वाट्यांभोवती, मागे, पार पोटऱ्यांपर्यंत कुठं जागा उरली नव्हती. त्यांचा हात सराईत कसा झाला होता ते मला तेव्हा समजलं. त्या सरकायच्या ते म्हातारपणानं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांना कोणी हिंगोलीला नेलं नाही, कोणी फोटो काढला नाही. मला जे त्यांनी मरताना विचारलं, ते त्यांना जन्मात कोणी विचारलं नव्हतं.

शांताबाईनं हात भरून साबण घेतला आणि गुडघे घासायला लागली.

"हळू," मी म्हणाले.

तिनं वर बघितलं. समजूत घातल्यासारखी म्हणाली, "आता काय दुखून राहिलं बाई त्यायला?"

मी पाण्याची धार बारीक केली आणि पुन्हा तेच म्हणाले. हळू.